जॅमचं भवितव्य झुडपापाशीच ठरतं

पिकलेल्या रासबेरीला बोट लावलं की ती अलगद सुटते. मधला पांढरा गाभा झुडपावरच राहतो आणि हातात येतं ते पोकळ फळ. ओढावं लागलं, तर ते अजून पिकलेलं नाही. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच येतो, त्यामुळे तिची खूण वेगळी: काळ्या रंगावरची चकाकी थोडी मावळली की ती खरी गोड झाली. इथे घाई करू नये. ही फळं आढीत घालून पिकत नाहीत. स्ट्रॉबेरी घरी आणल्यावर लाल होईलही, पण गोड होणार नाही; जिची साखर व्हावी अशी स्टार्चची शिदोरी तिच्याजवळ नसते.

रानातली फळं तोडताना एकच नियम: झाडाची पक्की ओळख नसेल तर हात लावू नये. पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालेल, हा समज घातक आहे. बेलाडोनाची काळी चमकदार फळं पक्षी खातात. माणसाला मात्र ती जीवघेणी ठरू शकतात.

जॅमसाठी मात्र सगळी फळं पूर्ण पिकलेली नकोत. कारण पेक्टिन. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या या पदार्थाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 मध्ये नाव दिलं. फळ पिकताना विकरं (एन्झाइम्स) पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडत जातात, म्हणून ते मऊ होतं. फार पिकलं तर तुकडे इतके लहान होतात की जॅम घट्ट करणारं त्यांचं जाळं विणलंच जात नाही, आणि जॅम कितीही आटवला तरी पाझरतच राहतो. म्हणून तीन भाग पिकलेली आणि एक भाग किंचित कच्ची फळं घ्यावीत. गूसबेरी (आपला आवळा नव्हे) आणि ब्लॅककरंटमध्ये पेक्टिन मुळातच भरपूर असतं, स्ट्रॉबेरीत कमी.

पण नुसतं पेक्टिन पुरत नाही. त्याच्या साखळ्यांवर ऋण भार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात. आम्ल हा भार कमी करतं आणि साखर भोवतालचं पाणी ओढून घेते; मग साखळ्या जवळ येऊन जुळतात. स्ट्रॉबेरीत लिंबू पिळतात ते यासाठी. साखर 65 टक्क्यांच्या आसपास पोचली की मिश्रण समुद्रसपाटीला साधारण 104 ते 105 अंश सेल्सिअसला उकळतं; जॅम जमण्याची खूण हीच. उंचावर दर 300 मीटरमागे हा आकडा सुमारे एक अंशाने उतरतो. थर्मामीटर नसेल तर थंड बशीत थेंब टाकून बोटाने सरकवावा. सुरकुत्या पडल्या की आच बंद. त्यापुढे उकळत ठेवलं तर पेक्टिनही तुटतं आणि लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिनंही तपकिरी पडतात.

गूसबेरीसारखी जाड सालीची फळं आधी थोड्या पाण्यात मऊ शिजवावीत, साखर नंतर. आधी घातलेल्या साखरेने साल चिवट होते.

तोडलेली फळं लगेच धुऊ नयेत. ओलाव्यात करडी बुरशी झपाट्याने पसरते. त्याच दिवशी जॅम करणं जमणार नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवावीत. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं, पण जॅमला त्याने फारसं बिघडत नाही. गोठलेलीच पातेल्यात टाकावीत.