डॉक्टर, कर्नल, न्यायाधीश : जोसाया बार्टलेट यांची पार्श्वभूमी

१७७६च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर वसाहतींच्या काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांच्या पाठोपाठ सही केली ती जोसाया बार्टलेट यांनी. बहुतेक लेख त्या सहीपासून सुरू होतात आणि तिथंच संपतात. पण हा माणूस कळायला सहीच्या आधीची पंचवीस वर्षं पाहावी लागतात, आणि नंतरची कोर्टातली वर्षंही.

जन्म १७२९चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीचा. सोळाव्या वर्षी ते एका नातेवाईक डॉक्टरच्या हाताखाली शिकायला लागले. कॉलेज नाही, पदवी नाही. १७५० मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशरमधल्या किंग्स्टनला दवाखाना थाटला. हे गाव घटसर्पाने पोळलेलं होतं. १७३५ची साथ इथूनच पसरली आणि पहिल्या चाळीस रुग्णांपैकी एकही वाचला नाही, अशी नोंद आहे. १७५४ मध्ये साथ परतली तेव्हा बार्टलेट यांनी सिंकोनाची, म्हणजे ज्या झाडापासून क्विनीन मिळतं त्याची, साल वापरली. हा धीर कुठून आला, त्याचा एक किस्सा सांगतात. ऐन तरुणपणी ते स्वतः तापाने फणफणले होते आणि डॉक्टरांनी थंड पेय बंद केलं होतं. त्यांनी सफरचंदाची सायडर मागवली, रात्रभर थोडी थोडी घेतली आणि सकाळपर्यंत घाम फुटून ताप उतरला.

१७६५ मध्ये गावाने त्यांना प्रांताच्या विधिमंडळात पाठवलं. पुढे ब्रिटिश राजाच्या गव्हर्नरने त्यांना स्थानिक न्यायदंडाधिकारी केलं आणि मिलिशियाचं कर्नलपद दिलं. मिलिशिया म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे बंडखोर टोळ्या येतात. तिथं तसं नव्हतं. गावातल्या साधारण १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी स्वतःची बंदूक घेऊन कवायतीला यायचं, असा कायदाच होता. म्हणजे कर्नलच्या हाताखाली उभे राहणारे बरेचसे लोक डॉक्टरचे रुग्णच.

१७७४ मध्ये त्यांचं घर जळालं. बार्टलेट राजाच्या विरोधात होते, म्हणून राजनिष्ठांनी, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या लोकांनी, ते पेटवलं असा संशय होता, सिद्ध काही झालं नाही. त्यांनी त्याच जागी लगेच नवं घर बांधलं, ते अजून उभं आहे. १७७५च्या सुरुवातीला गव्हर्नरने दोन्ही पदं काढून घेतली. त्याच वर्षी बंडाच्या बाजूच्या प्रांतिक सभेने त्यांना पुन्हा रेजिमेंट दिली.

खरा वाद पुढचा आहे. १७७९ मध्ये ते दिवाणी न्यायालयाचे प्रमुख झाले, १७८२ मध्ये वरिष्ठ न्यायालयात गेले आणि १७८८ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. कायद्याचं शिक्षण शून्य. पुढच्या पिढ्यांतल्या वकिलांना हे खटकलं, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. कायदा न शिकलेल्या न्यायाधीशापुढे आधीचे निकाल मांडायचे तरी कसे? पण त्या न्यायासनावर त्यांचा एक सहकारी चक्क शेतकरी होता. जाहीरनाम्यावर सही करणारा त्याच वसाहतीचा दुसरा एक डॉक्टरही आधी मिलिशियाचा कर्नल आणि मग न्यायाधीश झाला होता. वकील मोजके होते, आणि निवाडा ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, करायची. खटले जमिनीच्या हद्दीचे, कर्जाचे, मृत्युपत्रांचे. ज्याने या घरांतली बाळंतपणं आणि मरणं जवळून पाहिली, त्याला साक्षीदार खोटं बोलतोय हे कळायला पुस्तक लागत नसे. माझं मत सरळ आहे : त्या काळी, त्या गावांसाठी ही निवड योग्य होती. तीच पद्धत पुढे शंभर वर्षं चालवली असती तर मात्र चूक ठरली असती.

१७९० मध्ये न्यायासन सोडून ते राज्याचे 'प्रेसिडेंट' झाले. याचं भाषांतर राष्ट्राध्यक्ष करू नये. राज्याच्या प्रमुखालाच तिथं तेव्हा तसं म्हणत, आणि १७९२च्या घटनादुरुस्तीनंतर तेच पद गव्हर्नर झालं. १७९१ मध्ये राज्याची वैद्यकीय संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १७९४ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडलं आणि पुढच्या वर्षी ते वारले. डार्टमाउथ कॉलेजने त्यांना मानद वैद्यकीय पदवी दिली ती १७९० मध्ये. तोवर किंग्स्टनला दवाखाना थाटून चाळीस वर्षं झाली होती.