पोछ्याच्या पाण्यात सुगंधी तेल टाकण्याआधी फरशी कोणती ते बघा

इंदूरमध्ये आपल्या बऱ्याच मराठी घरांत हल्ली क्लीनर घरीच बनवतात आणि मला ते मनापासून आवडतं. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आणलेलं आपलं शहर, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय सगळ्यांच्या हाताला लागलेली, मग संत्र्या-मोसंबीची सालं तरी फेकायची कशाला, असं वाटणारच. फक्त एक गोष्ट नीट कळायला हवी. वास छान आला म्हणजे सफाई झाली असं नसतं. सफाई करणारी वस्तू वेगळी आणि वास देणारी वेगळी.

आधी सालांच्या क्लीनरचं बघू. तीन भाग सालं, एक भाग गूळ, दहा भाग पाणी आणि तीन महिने, हे प्रमाण आता सगळ्यांना पाठ आहे. बाटलीत होतं काय, तर यीस्ट गुळातली साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, मग बॅक्टेरिया त्याचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो म्हणून सुरुवातीला झाकण रोज सैल करायचं, नाहीतर बाटली फुटू शकते. काचेची तर घेऊच नका. शेवटी हातात येतं ते मुख्यतः आंबट पाणी, आणि त्याची खरी ताकद त्या आंबटपणातच आहे.

आता हे आंबट पाणी कुठे वापरायचं? नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 पासून येतंय, पण कितीतरी कॉलन्यांमध्ये अजून बोरिंगवरच भागवावं लागतं आणि ते पाणी जड. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट असतो. त्यावर सालांचं पाणी, व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी लावलं की तो बारीक बुडबुडे सोडत विरघळतो, घासायची फार गरजच पडत नाही.

पण आपल्या जुन्या घरांतली फरशी कोणती? रामबागेत म्हणा, लोकमान्य नगरात म्हणा, बऱ्याच ठिकाणी कोटा स्टोन. आणि कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, म्हणजे पुन्हा तेच कॅल्शियम कार्बोनेट! नळावरचा थर काढणारं ॲसिड फरशीचं पॉलिशही तसंच खातं. खात्री करायची असेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा आणि तिरप्या उजेडात बघा, तेवढाच गोल मॅट झालेला दिसेल. संगमरवराचंही तसंच. म्हणून कोटा आणि संगमरवरावर आंबट काही नको, सिरॅमिक टाइल्सना मात्र चालतं.

मग कोट्यासाठी काय? रिठा. सियागंजात किराणा-मसाल्याच्या दुकानात सहज मिळतो. त्यात सॅपोनिन असतं, ज्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्यामुळे चिकटपणा फरशीवरून सुटून पाण्यात येतो. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळायचे. फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. डोळ्यात गेलं तर प्रचंड झोंबतं, तेवढं सांभाळा.

सुगंधी तेलाची गंमत इथेच दिसते. साध्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे थेंब टाका, ते वर गोल गोल चकत्या होऊन तरंगत राहतात आणि पोछा मारला तर एकाच जागी तेल जास्त लागतं. तेच रिठ्याच्या पाण्यात टाकून हलवलं की पाणी दुधट होतं, कारण तेलाचे अगदी बारीक कण सगळीकडे पसरतात. अर्ध्या लिटरला आठ-दहा थेंब खूप झाले. गवती चहाच्या वासामागे सिट्रल असतं, निलगिरीच्या मागे सिनिओल, संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतेक सगळं लिमोनीन. हे लिमोनीन खरंच कामाचं आहे, डब्यावरच्या लेबलचा चिकट गोंद कापसावर दोन थेंब घेऊन चोळला की निघून जातो. पण हवेशी संयोग होऊन त्याच्यातून त्वचेला ॲलर्जी देणारे पदार्थ बनतात, म्हणून बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, आणि जुनं तेल टाकून द्यायचं. तेल खरेदी करताना एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून बघा, काही तासांनी तेलकट डाग तसाच राहिला तर बहुधा साधं तेल मिसळलेलं आहे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवायचा प्रकारही फार चाललाय. फेस जोरात येतो पण तो थांबला की आम्ल आणि क्षार दोघं एकमेकांना संपवून उरतं पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. वेगवेगळे वापरा, दोन्ही चांगले आहेत. आणि ब्लीचिंगच्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

निलगिरीचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, त्यामुळे या बाटल्या वरच्या फळीवर आणि नाव लिहूनच. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात नको, मांजरीच्या यकृताला असे पदार्थ नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत आणि ती फरशीवर चालून पुन्हा तेच पंजे चाटते.