स्मार्ट मीटरचा वाद आपल्या दारापर्यंत कसा आला

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. कुठून किती वीज येतेय, कुठल्या वाहिनीवर ताण आहे, हे तिथल्या पडद्यांवर क्षणोक्षणी दिसतं. टीटीसी या तिथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या उच्चदाब कारखान्यांना वेळेनुसार वेगवेगळा दर लागतो, त्यालाही वीसेक वर्षं झाली. यातल्या कशावरून मोर्चा निघाला नव्हता. मोर्चे निघाले ते हेच तंत्र स्मार्ट मीटरच्या, म्हणजे वापर आपोआप वीज कंपनीला कळवणाऱ्या मीटरच्या रूपाने, सोसायटीच्या मीटर रूममध्ये आल्यावर.

लोकांच्या मनातली धास्ती त्याआधीची. २००७ मध्ये भिवंडीचं वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे गेलं. तोवर तिथल्या निम्म्याहून अधिक विजेचा पैसा हाती येत नव्हता. गळती झपाट्याने कमी झाली, पण वाढीव बिलांची ओरडही तेव्हापासूनची. २०२० मध्ये कळवा-मुंब्रा-शीळ त्याच वाटेने गेलं.

त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास, मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद असताना दुसरंही बंद पडलं होतं. त्या दिवशी घराघरांत स्मार्ट मीटर असती तरी वीज गेलीच असती. गरज जादा पारेषण वाहिन्यांची होती. त्यातली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली.

पैशाचा ओघ मात्र मीटरकडे वळला. २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं ठरलं. आपल्यासारख्या राज्यांना मीटरमागे किमतीच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, यांतलं जे कमी ते अनुदान, आणि तेही मीटर प्रीपेड पद्धतीने चालवलं तरच. महाराष्ट्रात सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटं दिली गेली, एका मीटरचा खर्च देखभालीसह साधारण १२ हजार. उरलेली रक्कम शेवटी वीजदरातूनच निघणार, हा विरोधकांचा पहिला मुद्दा. माझ्या मते त्याला आजवर नीट उत्तर मिळालेलं नाही.

दुसरा मुद्दा संमतीचा. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४७(५) सांगतं, की ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल तर त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही. तयार असेल तर, म्हणजे निवड ग्राहकाची, असं विरोधक म्हणतात. दुसरीकडे २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी नवी जोडणी प्रीपेड मीटरवरच द्यायची, असं सांगून ठेवलं.

जून २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं, की सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. ती सरकारी कार्यालयं, फीडर (उपकेंद्रातून वस्तीकडे येणाऱ्या वाहिन्या) आणि ट्रान्सफॉर्मरवर बसतील. लोकांना वाटलं, विषय मिटला. विधानसभेची निवडणूक झाली आणि घरोघरी मीटर बदलायला माणसं येऊ लागली. आता मीटर पोस्टपेड आणि त्याचं नाव टीओडी, म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, वेळेनुसार दर लावणारं. पण पोस्टपेडचं प्रीपेड करायला कुणाला दारात यावं लागत नाही, मुख्यालयातून आज्ञा पाठवली की झालं. वीज तोडायचा स्विचही आतच असतो. म्हणून आज पोस्टपेड आहे या आश्वासनावर भागत नाही. ग्राहकाच्या लेखी होकाराशिवाय पद्धत बदलणार नाही, हे नियमात यायला हवं होतं.

मीटरचे फायदे खरे आहेत. दर अर्ध्या तासाचा वापर मोबाइलवर दिसतो, अंदाजे बिल टळतं, आणि बिलावरच्या आकड्यांच्या अंधुक फोटोवरून भांडायची वेळ येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आकड्याशी घरांची बेरीज ताडून पाहिली की चोरी कुठे होते तेही कळतं.

जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली, कारण सौरऊर्जा दिवसा मुबलक असते. घोडबंदर किंवा कोपरखैरण्यात जिथे दोघंही नोकरीला जातात, त्या घराला या वेळेत कुलूप असतं. एसी, गिझर, वॉशिंग मशीन चालतात ते सकाळी लवकर किंवा रात्री. सवलतीचा लाभ होतो तो दिवसा घरी असणाऱ्यांना.