सुजवटी
लहान मुलांच्या तीव्र कुपोषणाचा, अंगावर सूज येणारा प्रकार. क्वाशिओरकोर या नावानेही ओळखला जातो. सुकटी या दुसऱ्या प्रकारात मूल वाळून हाडाला कातडे चिकटते. सुजवटीत पावले, हात व चेहरा सुजतो, केस विरळ व तांबूस होतात, कातडीचे भिंतीच्या रंगासारखे पोपडे निघतात आणि यकृतात चरबी साठते. मूल किरकिरते, घास पुढे केला तरी तोंड फिरवते. दोन्ही प्रकार एकाच मुलात आढळू शकतात.

क्वाशिओरकोर हा घानातील गा भाषेतला शब्द. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्ट (आताचा घाना) वसाहतीतील रुग्णांचे वर्णन १९३३ मध्ये केले व १९३५ मध्ये हे नाव रूढ केले. काही जुन्या लेखनात त्याचा अर्थ ‘लाल मुलगा’ असा दिला आहे. पाठचे भावंड आल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार, हा विल्यम्स यांचा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. रोग मात्र नावापेक्षा जुना असावा. जर्मन वैद्यकात केवळ पिठाच्या पेजेवर वाढवलेल्या बालकांतील अशाच विकाराची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी आढळते.

कारणांबाबत मतभेद आहेत. विल्यम्स यांनी मक्याच्या आहारातील उणिवेकडे बोट दाखवले, काही समकालीनांनी हा पेलाग्राच (नायसिन जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) मानला. पुढे प्रथिनांच्या अभावाचे मत प्रबळ झाले. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की सुकटी व सुजवटी झालेल्या मुलांच्या आहारात ठळक फरक नव्हता. फरक शरीराच्या जुळवून घेण्याच्या क्षमतेत असावा. पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅक्‌लॅरेन यांनी १९७४ मध्ये प्रथिनांवरील अतिरेकी भरावर कठोर टीका केली. त्यानंतर मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू), अफ्लाटॉक्सिन (धान्यावरील बुरशीचे विष) व आतड्यांतील जिवाणू अशी कारणे मांडली गेली. मलावीतील जुळ्यांचा अभ्यास (२०१३) जिवाणूंच्या बाजूने आहे. एकच कारण सर्वत्र लागू पडत नाही, हे मत सयुक्तिक दिसते.

दोन्ही पावलांवर अंगठ्याने सुमारे तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहिला, तर तेवढ्यावरूनही तीव्र कुपोषण ठरते. दंडघेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी असणे ही वेगळी कसोटी. सुजेमुळे वजन फसवे असते.

उपचारात घाई घातक ठरते. रुग्णालयात प्रथम एफ-७५ हे उपचारासाठी खास बनवलेले दूध देतात: १०० मिलि.मध्ये ७५ किलोकॅलरी, प्रथिने जेमतेम ०.९ ग्रॅम. ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीही पाजतात. रक्तातील साखर व अंगाची ऊब सांभाळतात, प्रतिजैविके देतात. लघवी वाढवणारी औषधे सुजेसाठी देत नाहीत आणि लोह नंतरच सुरू करतात. भूक परतली की एफ-१०० हे अधिक कसदार दूध किंवा शेंगदाण्याची तयार पेस्ट. सूज उतरताना वजन आधी घटते. आई घाबरते, पण तो उतार सुधारणेचाच असतो.

भारतात सुजवटी मध्य आफ्रिकेच्या मानाने कमी आढळते. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत अंगणवाडीच्या बोलीत अशी मुले सुकटीच्या मुलांसह ‘सॅम’ (तीव्र कुपोषणाचे इंग्रजी लघुरूप) गटात मोजली जातात. गुंतागुंत असलेल्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.