आधी पूल, मग इंजिन: रेल्वेच्या फोटोंमागचा इतिहास

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की एक फोटो फिरायला लागतो. कमानींच्या लांबलचक पुलावर एवढीशी गाडी, आणि खाली मजकूर: 'भारतातली पहिली रेल्वे, १८५३'. फोटो अस्सल आहे, ठाण्याजवळच्या पुलाचाच आहे, पण त्याची नोंद १८५५ सालची आहे. बोरीबंदरहून सुटलेल्या त्या पहिल्या गाडीचे १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते लेखी वर्णनांतून आणि विलायती साप्ताहिकांतल्या चित्रांतून. या फोटोत बघण्यासारखं आहे ते वेगळंच. त्यात पूल मोठा आहे आणि गाडी नावापुरती.

तेव्हाच्या कॅमेऱ्याला दुसरं काही जमतच नव्हतं. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं आणि वाळायच्या आत शेजारच्या काळोख्या तंबूत धुऊन काढायचं, अशी ती पद्धत. काच उघडी ठेवावी लागे ती काही सेकंद. तेवढ्यात धावती गाडी म्हणजे नुसता पुसट पट्टा. पूल, बोगदा, भराव, स्टेशनची इमारत मात्र जागची हलत नाहीत. त्यामुळे रेल्वेच्या फोटोंचा इतिहास सुरू होतो तो रुळांशेजारच्या बांधकामांपासून. इंजिनाचा नंबर नंतर लागला.

आपल्याकडचं याचं सगळ्यात देखणं उदाहरण बोरघाटाचं. १८५९ मध्ये आधीच्या ठेकेदाराने काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेतला आणि अनुभवी माणसं नेमून काम तडीस नेलं. ही बाई फोटोही काढायची. तिने टिपलेल्या घाटाच्या कामाच्या फोटोंचा अल्बम आजही जपून ठेवलेला आहे. १८६१ मध्ये या घाटात एकावेळी ४२,००० पर्यंत मजूर राबत होते, आणि पटकी-तापाने त्यातले हजारो गेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. दर ३७ फुटांमागे एक फूट चढ असलेला हा रस्ता इंजिनाने कसा ओढला असेल याचं नवल सगळेच करतात. तो खणणाऱ्यांची नावं कुठल्याच अल्बमच्या मथळ्यात सापडत नाहीत. त्या काळच्या बांधकामाच्या फोटोत मजूर उभा दिसला, तर तो बहुतेक वेळा पुलाची उंची लक्षात यावी म्हणून.

१८८० च्या दशकात तयार कोरड्या काचा आल्या, पुढे शटर वेगवान झाली आणि चित्र पालटलं. आता धावतं इंजिन स्पष्ट पकडता येऊ लागलं. इंग्लंडमध्ये १८९७ साली 'द रेल्वे मॅगझिन' निघालं आणि हौशी मंडळींना फोटो छापून आणायला जागा मिळाली. पाहता पाहता एक साचा पक्का झाला: सूर्य पाठीशी, इंजिन तिरकं, पुढचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील असं, नंबर वाचता आला पाहिजे, आणि मध्ये खांब-बिंब येता कामा नये. कल्याण किंवा पुण्याजवळच्या एखाद्या वळणावर आज उभा असलेला कॉलेजचा पोरगाही हेच नियम पाळतो. गंमत अशी, की ज्या खांबांनी, केबिनांनी आणि पाण्याच्या टाक्यांनी कॅमेऱ्याला पहिलं काम दिलं, त्याच आता फोटोत 'मध्ये येणाऱ्या' वस्तू झाल्या.

आपल्याकडे हा छंद उशिरा रुजला. कॅमेरा महाग, रोल महाग, धुलाई महाग. मुंजीला नाहीतर लग्नालाच फोटोग्राफर बोलावणाऱ्या घरात इंजिनावर रोल कोण घालवणार? ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबई व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, १ जून १९३० ला दख्खनची राणी आली, घाटात लांब नाकाची, कर्मचाऱ्यांनी 'खेकडा' असं नाव ठेवलेली मालगाडीची विजेची इंजिनं आली. यांचे जुने फोटो सापडतात ते मुख्यतः रेल्वे कंपनीचे, नाहीतर कारखान्याचे. कारखान्यातून बाहेर पडणारं नवं इंजिन फोटोत उठून दिसावं म्हणून त्याला मुद्दाम करडा रंग फासायचे. धूळ खाल्लेलं, तेलकट, रोजचं इंजिन टिपायला कोणी सरकारी माणूस जात नसे.

मुंबईच्या ट्रामचंही तेच. १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ पासून विजेची, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी. नव्वद वर्षं शहरभर फिरलेली ही गाडी आज दिसते ती बहुधा पोस्टकार्डांच्या कोपऱ्यात. फोटोग्राफरला हवी होती इमारत. ट्राम वाटेत आली.

पैशाइतकीच दुसरी अडचण होती संशयाची. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमध्ये, सरकारने तशी अधिसूचना काढली तर रेल्वेमार्गही 'निषिद्ध ठिकाण' ठरू शकतो. त्यात १९६२, ६५ आणि ७१ ची युद्धं. मोठ्या पुलांच्या तोंडाशी 'फोटो काढण्यास मनाई आहे' अशा पाट्या लागल्या, आणि प्लॅटफॉर्मवर कॅमेरा काढला की कोणीतरी खाकीतला माणूस 'कशाला?' विचारायला हजर. याचं खरं उत्तर, म्हणजे 'आवडतं म्हणून', कोणालाच पटायचं नाही. जनसंपर्क कार्यालयाचं परवानगीपत्र खिशात ठेवूनच ही मंडळी बाहेर पडत. माझ्या मते आपल्या रेल्वेच्या चित्रस्मृतीचं सगळ्यात मोठं नुकसान गरिबीपेक्षा या 'कशाला?'ने केलं.

मग जे आहे ते आलं कुठून? बऱ्याच अंशी परदेशी हौशी लोकांकडून. ब्रिटिश रेल्वेवरची नियमित वाफेची इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये थांबली. तिथल्या वेड्यांना आता वाफ शोधायला बाहेर पडणं भाग होतं, आणि आपल्याकडे तर चित्तरंजनचा कारखाना तेव्हाही वाफेची इंजिनं बांधत होता. ब्रॉडगेजचं शेवटचं, 'अंतिम सितारा', बाहेर पडलं ते १९७० मध्ये. पुढची पंचवीस वर्षं ही माणसं परवानग्या काढून, रंगीत स्लाइडच्या फिल्म भरून येत राहिली. विदर्भातली शकुंतला त्यांची लाडकी. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या या नॅरोगेजवर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ ६ डिसेंबर १९९५ ला संपली, आणि पाहुण्यांची वर्दळही ओसरली.

पाहण्याची नजर मात्र याच्या बरीच आधी बदलू लागली होती. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर रात्री फ्लॅशचे दिवे लावून फोटो काढले. त्यात इंजिन आहेच, पण अंगणातली माणसं, दुकान, पोहण्याचा डोह हेही तितकंच ठसठशीत आहे. गाडी जिथून जाते ते गाव त्याने चौकटीत आणलं.

आपल्या मुलांनी कॅमेरे हातात घेतले ते नव्वदीनंतर. अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये इंडियन रेल्वेज फॅन क्लब सुरू केला. नंतर डिजिटल कॅमेरा आला आणि रोलचा हिशेब संपला. वेळ मात्र हातघाईची होती. १९९२ पासून युनिगेज प्रकल्पात, म्हणजे सगळे मार्ग ब्रॉडगेजच्या एकाच रुंदीचे करण्याच्या कामात, कमी रुंदीची मीटरगेज उखडली जात होती आणि मुंबईची १५०० व्होल्टची डीसी वीज २५,००० व्होल्टच्या एसीला जागा देत होती. हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये गेली, तेव्हा फोटोवाल्यांची झुंबड होती. मेळघाटात धुळघाटजवळ मीटरगेज स्वतःच्याच मार्गावरून पुलाने पलीकडे जायची. २०१७ मध्ये तीही थांबली. नवा मार्ग व्याघ्रप्रकल्पाला वळसा घालून जाणार, म्हणजे ते वेटोळं आता फोटोतच.

या धावपळीत काहींना उमगलं, की इंजिन तरी एखादं संग्रहालयात जातं. सर लेस्ली विल्सन नावाचा 'खेकडा' दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. पण हाताचा सिग्नल, तो ओढणाऱ्या तारा, केबिनमधले चकचकीत लिव्हर, एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती द्यायचा लोखंडी गोळा, हे भंगारात जातं. ढकलट्रॉलीच घ्या. चार लोखंडी चाकांवर फळ्यांचं बाक, एका टोकाला लाल निशाण, वर साहेबाची छत्री, हाताशी ब्रेकचा दांडा. दोन ट्रॉलीमन मागून ढकलत चक्क रुळाच्या माथ्यावरून पळतात, वेग आला की टुणकन मागे चढून बसतात. गाडी येणार म्हटलं की चौघे मिळून तिला उचलून बाजूला ठेवतात. एवढी हलकी ती मुद्दामच केलेली असते. पळताना पाऊल रुळावर नेमकं कसं पडतं, हे कुठल्याही नियमपुस्तकातल्या वर्णनापेक्षा एका बऱ्या फोटोत जास्त कळतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि वंदे भारत सुटली की शेकडो रील्स पडतात. त्यातली निम्मी रुळांच्या मधोमध उभं राहून काढलेली. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रुळांवर शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुनी मंडळी यावर चिडतात ती कायद्यापेक्षा वेगळ्या कारणाने: एका रीलपायी पुन्हा सगळ्यांनाच 'कशाला?' ऐकावं लागतं.

छंदाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी अमृतांजन पुलाचं प्रकरण पुरेसं आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत द्रुतगती मार्ग रिकामा असताना खंडाळ्याचा हा पूल स्फोटाने पाडला. बातम्यांनी त्याचं वय छापलं १९० वर्षं. म्हणजे पूल १८३० चा! तो होता मुळात रेल्वेचा, घाटातल्या त्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनाचा, जिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडत. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि स्टेशन सुटलं. रेल्वेचे जाणकार तेव्हापासून घाटाचे जुने फोटो दाखवून सांगताहेत, की देशातली पहिली गाडीच १८५३ ची असताना तिच्या आधी तेवीस वर्षं रेल्वेचा पूल कोण बांधेल. ते '१९० वर्षं' अजून छापून येतंच.