तिसरी पिन लांब आणि जाड का?

एक्स्टेंशन बोर्डात जात नाही म्हणून प्लगची वरची जाड पिन पक्कडीने मोडून टाकणारी माणसं घरोघरी भेटतात. 'ती नसली तरी मशीन चालतंच की!' चालतंच. मशीनला फेज आणि न्यूट्रल पुरतात. तिसरी पिन आहे ती मशीनला हात लावणाऱ्यासाठी.

समजा, वॉशिंग मशीनमधल्या फेजच्या वायरचं आवरण झिजलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं. पत्र्यावर २३० व्होल्ट आले. अर्थिंग, म्हणजे पत्र्यापासून तिसऱ्या पिनेतून थेट जमिनीत जाणारी जोडणी, नसेल तर मशीन बंदही पडत नाही. अनवाणी पायाने, ओल्या हाताने कुणी झाकण उघडलं की वीज त्याच्या शरीरातून जमिनीत उतरते. शरीराचा रोध १५०० ओहम धरला तर प्रवाह होतो सुमारे १५० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला एवढा पुरे. १६ अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) मात्र त्याची दखलही नसते, कारण त्याच्या मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याहून हा प्रवाह कमी आहे.

आता तिसऱ्या पिनेची, म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर जोडा. त्या सगळ्या वाटेचा रोध १ ओहम असेल तर २३० अँपिअर धावतात आणि एमसीबी क्षणात पडतो. पण ही वायर जिथे जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डा सुकून रोध २० ओहमवर गेला, तर प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर. एमसीबी पडत नाही आणि पत्र्यावर वीज तशीच राहते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततात ते यासाठी, आणि आरसीसीबीही यासाठीच हवा. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो; ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की वीज तोडतो.

हल्ली सॉकेटमधल्या या तिसऱ्या पिनेच्या भोकात वायर घालून 'अर्थिंगच्या चादरी'वर झोपायचं फॅड आलं आहे. सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळं बरं होतं म्हणे. भक्कम पुरावा कशालाच नाही. अर्थिंग ही बिघाडातली वीज वाहून नेण्याची वाट आहे, तिच्यावर अंथरूण घालू नये.

पिन लांब, कारण प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. बऱ्याच सॉकेटांत फेज-न्यूट्रलच्या भोकांवरचे पडदेही तीच सरकवते. जाड असण्याचं कारण 'जाड म्हणजे रोध कमी' असं अनेक जण सांगतात, पण तिच्या मागची हिरवी वायर सहसा बाकीच्या दोन वायरींएवढीच असते. ती जाड आहे ती चुकूनही फेजच्या भोकात शिरू नये म्हणून.