टॉवर ब्रिजमधून गेलेलं हंटर आणि त्यामागचा राग

५ एप्रिल १९६८, लंडन. टॉवर ब्रिजवर रोजच्यासारखी ट्रॅफिक, त्यात एक लाल डबलडेकर बस, आणि रॉयल एअर फोर्सचं हंटर जेट खालचा रस्ता आणि वरचा पादचारी पूल यांच्या मधून आरपार गेलं. (हंटर आपल्याकडेही होती, १९७१ ला लोंगेवालात पाकिस्तानी रणगाडे त्यांनीच फोडले.) चालवत होता फ्लाइट लेफ्टनंट अ‍ॅलन पोलॉक. लोक याला स्टंट म्हणून सोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही.

या पुलातून विमान जायची ही पहिली वेळ नव्हती. १९१२ च्या ऑगस्टमध्ये फ्रँक मॅक्लीन पाण्यावर उतरणारं विमान घेऊन याच जागेतून गेला आणि पुढचे पूल खालून पार करत वेस्टमिन्स्टरपर्यंत पोचला. तेव्हा विमान हीच नवलाई होती, लोकांनी कौतुक केलं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला एलिनॉर स्मिथ ही १७ वर्षांची पोरगी ईस्ट रिव्हरवरच्या चार पुलांखालून गेली, तिला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना तिने करूनच दाखवलं.

पण पोलॉकची खरी नाळ जुळते ती १९१९ च्या पॅरिसशी. महायुद्ध जिंकल्याच्या १४ जुलैच्या परेडमध्ये वैमानिकांना पायी चालायचा हुकूम आला. चार वर्षं आकाशात मरत होते ती माणसं, त्यांनी रस्त्यावरून चालायचं! ठरलं की कुणीतरी आर्क द त्रिओंफच्या कमानीतून विमान न्यायचं. ज्याँ नावार हा वैमानिक तयारी करताना अपघातात गेला, मग शार्ल गोडफ्रॉयने दक्षिण फ्रान्समध्ये एका पुलाखालून सराव केला आणि ७ ऑगस्टला कमान पार केली. कमानीची रुंदी जेमतेम साडेचौदा मीटर, म्हणजे दोन्ही पंखांच्या बाजूला तीनेक मीटर जागा.

१९६८ मध्ये एअर फोर्सला ५० वर्षं झाली तरी सरकारने लंडनवर फ्लायपास्ट, म्हणजे विमानांची आकाशातली सलामी, ठेवला नाही. त्याआधी डिफेन्सच्या खर्चात कपात चाललेली, टीएसआर-२ हे नवं विमान १९६५ मध्येच रद्द झालेलं. पोलॉक आपल्या तुकडीतून बाजूला झाला, पार्लमेंटवर घिरट्या घातल्या, नदीकाठच्या एअर फोर्सच्या स्मारकावरून जाताना पंख हलवून मानवंदना दिली, आणि मग नदीच्या वळणावर पूल समोर आला. तिथून जायचं आधी ठरलेलं नव्हतं. रुंदी भरपूर होती, दोन टॉवरमध्ये ६१ मीटर, पण खाली बस आणि वर लोखंडी गर्डर, एका क्षणी त्याला वाटलं शेपटी वर लागणारच.

उतरल्यावर अटक झाली. कोर्ट मार्शल झालं असतं तर हे सगळं त्याला उघडपणे मांडता आलं असतं. ते झालंच नाही, मेडिकल कारण दाखवून त्याला नोकरीतून काढून टाकलं.